अर्ध्यावरचं शटर

माझी थोरली जाऊ छाया अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण कोंबड्यांना उद्देशून. सकाळी दाणे टाकताना ती कोंबड्यांना सांगायची की काही माणसांच्या डोक्यात कोंडाच भरलेला असतो, जन्मभर दळून दुसरं काय उरणार. हे माझ्यासाठी असायचं. कोंबड्यांना ते ठाऊक असावं, कारण त्या मान वर न करता टिपत राहायच्या. मी गिरणीतून उत्तर द्यायची, ते डब्यांना. डबे रिकामे असले की आवाज चांगला घुमतो.

कारणही सांगते, नाहीतर मी लपवलं असं व्हायचं. कडावच्या मागं आमची वाडी. वाटणीत एका घराची दोन झाली आणि मधे भिंत आली. माझ्या वाट्याला पुढची खोली आली, तिथं मी गिरणी टाकली. भिंतीच्या पलीकडं तिचा देव्हारा. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की भिंत थरथरते आणि तिच्या देव्हाऱ्यातला दिवा विझतो. पहिल्यांदा विझला तेव्हा ती सांगायला आली. मी म्हटलं, वैनी, देव्हारा समोरच्या भिंतीला घ्या. दुसऱ्यांदा विझला तेव्हा तिनं मला डोंगरातली म्हटलं. माझं माहेर ठाकुरवाडीच्या उताराला, बाबा घाटातल्या रेल्वेवर कामाला होते, तेव्हा डोंगरातली हे काही खोटं नव्हतं. पण ज्या तोंडानं म्हटलं ते तोंड मला लागलं. देव्हारा तिनं हलवला नाही, गिरणी मी हलवली नाही. तेव्हापासून तिचं दळण कडावच्या बाजारातल्या गिरणीत जायचं, डोक्यावर डबा घेऊन, माझ्या दारावरून.

माझा नवरा विलास आणि तिचा नवरा मालोजी सख्खे भाऊ. दोघं शेतावर एकत्र जायचे, एका डब्यातलं जेवायचे, आणि संध्याकाळी आपापल्या दारात शिरताना एकमेकांकडं चोरांसारखं बघायचे.

मार्गशीर्षातला बुधवार होता. घराघरांत नवीन तांदूळ आलेला, त्यामुळं गिरणीला उसंत नव्हती. तरी दुपारी एक ते तीन मी शटर अर्ध्यावर ओढते. अर्ध्यावरचं शटर म्हणजे मालकीण आत आहे पण गिरणी बंद आहे, हे वाडीत सगळ्यांना माहीत. तेवढ्या वेळात मी दगड साफ करते, चाळण झटकते, आणि खरं सांगायचं तर पुड्यांचे कागद वाचते. शाळा सातवीपर्यंतच झाली. बाकीचं सगळं मी अशा कागदांवर शिकले. त्यात गोष्टीचा शेवट बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या पुडीला गेलेला असतो.

त्या दुपारी शटरखाली पाय दिसले. छायाचे पाय मी जत्रेतसुद्धा ओळखेन. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे. मागाहून कळलं की बाजारातल्या गिरणीची मोटार जळली होती आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिच्या लेकीच्या सासरची माणसं घावन खायला येणार होती. तेव्हा मला एवढंच कळलं की ही आली. अकरा वर्षांनी हिला माझ्या गिरणीचं पीठ चालतंय. ती डबा पुढं करून, वाकून आत शिरत होती. शटर ओढायची सळई माझ्या हातात होती, तिचा आकडा वर अडकवलेलाच होता. मी ओढली. फार नाही, वीतभर. बंद आहे हे तिला दिसावं म्हणून.

ती त्याच वेळी उठत होती.

लोखंडाची कड तिच्या टाळूच्या जरा मागं, उजवीकडं बसली. सगळी गिरणी वाजली. रक्त आलं नाही. ती डबा धरून खाली बसली आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं, लागलं का वैनी. अकरा वर्षांतलं माझं पहिलं सरळ वाक्य. तिनं डोळे उघडले आणि हातातल्या डब्याला म्हणाली, "लोखंडाला काय इचारायचं. ते लोखंडासारखंच वागनार." मग उठली, शटरखालून या वेळी नीट वाकली आणि गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मिक्सरचा आवाज आला. तांदूळ मिक्सरवर काढत होती.

तिनं घरात कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या गिरणीत गेले होते हेही सांगावं लागलं असतं. मी विलासला सांगितलं नाही. सांगायचं तर ती वीत सांगावी लागली असती. म्हणजे तिच्या डोक्याला मार लागला हे अख्ख्या वाडीत दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोन माणसं एकमेकींशी बोलत नव्हती.

आठ दिवस काही झालं नाही. पाहुणे आले, घावन खाऊन गेले. ती धारा काढायची, भांडी आपटायची, कोंबड्यांना माझ्याबद्दल सगळं वेळच्या वेळी सांगायची. मी भिंतीला कान लावून ऐकायची आणि मनाशी म्हणायची, बरी आहे की. बरी आहे म्हणून हलकं वाटायचं, आणि हलकं वाटलं म्हणून माझाच मला राग यायचा.

नवव्या-दहाव्या दिवसापासून बदल व्हायला लागला. भिंतीतून बामाचा वास यायचा. सकाळी ओकल्याचा आवाज आला, दुसऱ्या दिवशीही आला. कोंबड्यांना तिनं मला शिवी दिली, मग थोड्या वेळानं तीच शिवी त्याच शब्दांत परत दिली, मग तिसऱ्यांदा. छायाचं असं कधीच नव्हतं. एकदा दिलेली शिवी ती महिनाभर पुन्हा वापरायची नाही, तेवढा तिला अभिमान होता. मग एके दिवशी ती गोठ्यात गंगीला हाका मारायला लागली. गंगी म्हैस त्यांनी दोन वर्षांपूर्वी विकली.

नळावर तिची सून समीक्षा भेटली. समीक्षा माझ्याशी चोरून बोलते. म्हणाली, सासूबाई हल्ली दुपारच्या झोपतात त्या उठतच नाहीत, चार हाका माराव्या लागतात. काल हातातून तपेलं सुटलं, दूध सांडलं, आणि ओरडल्या नाहीत. मी विचारलं, दवाखान्यात नेलं का. ती म्हणाली, सासरे म्हणतात पित्त झालंय, माणसांचं करून दमली. मी हंडा भरला आणि घरी आले. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. ते तोंडातच ठेवून मी त्या दिवशी सात घरांचं दळण दळलं.

अठराव्या दिवशी, रविवारी सकाळी, छाया माझ्या दारात आली.

वाटीत गूळ-खोबरं होतं. आली ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "हिरू बाय, किती काम करतेस गं. पीठ मातर तुझ्या गिरणीत मऊ पडतं." माझं नाव हिरू. लग्न होऊन आले तेव्हापासून तिनं ते बायशिवायच घेतलं होतं, आणि अकरा वर्षं तेही घेतलं नव्हतं. मी वाटी घेतली. माझे हात पिठानं पांढरे होते, आणि थंड पडले.

पण तोवर वाडीला बातमी लागली होती. विलास गोठ्यातून धावत आला आणि दारात उभा राहून डोळे पुसायला लागला. पन्नाशीचा माणूस, भावजयीनं बायकोला गूळ दिला म्हणून रडतोय. मालोजीदादा नारळ घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्या पायरीवर फोडला. म्हणाले, घर परत एक झालं. त्यांचा मुलगा ऋषिकेश, खालापूरकडं कंपनीत आहे, रविवारचा घरी होता. त्यानं आम्हा दोघींना जवळजवळ बसवून मोबाइलवर फोटो काढला आणि लगेच सगळ्यांना पाठवलासुद्धा. फोटो मला दाखवला. छाया हसत होती, पण तोंडाची उजवी बाजूच हसत होती. डावी बाजू तशीच राहिली होती. मी तिच्या पायांकडं बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावी मागं अंगणात पडली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

मला माहेरचा गोमा आठवला. बाबांच्या टोळीतला. घाटात पाय घसरून त्याचं डोकं खडीवर आपटलं, उठला, कपडे झटकले, घरी चालत आला, जेवला. पंधरा दिवसांनी सदरा उलटा घालायला लागला. मग भाकरी आमटीऐवजी पाण्यात बुडवून खायला लागला. आम्ही पोरं त्याच्या मागं हसत फिरायचो, मोठी माणसंही हसायची, तोही हसायचा. एका सकाळी तो उठला नाही. त्याच्या आईनं दहाव्यापर्यंत सगळ्यांना एकच विचारलं, त्याचं डोकं दुखत होतं ते तुमी ऐकलं होतंत ना. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी मालोजीदादांना म्हटलं, "दादा, वैनीला आत्ताच्या आत्ता कर्जतला दवाखान्यात न्यायला हवं. तिच्या डोक्यात काहीतरी झालंय."

त्यांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो त्यांनी खाली ठेवला. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. अकरा वर्षांनी माझ्या बायकोनं हात पुढं केला, म्हणाले, आणि तू तिला वेडी ठरवतेस. विलास मला दंडाला धरून आत ओढायला लागला. आजच्या दिवस तरी गप बस गं, म्हणाला, तुझ्या जिभेला हाड नाय. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली की घाटातल्या माणसाला गोड पचत नाही. हे मला ऐकू यावं एवढ्या आवाजात म्हणाली.

ऋषिकेश शांतपणे बोलला, ते जास्त लागलं. "काकी, आई चांगलं बोलली म्हनून तुला ती आजारी वाटते. तुझं तूच ऐक जरा."

मी ऐकलं. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ती चांगलं बोलली म्हणूनच ती मला आजारी वाटत होती. पण हे वाक्य माझ्या तोंडून कोण ऐकणार.

मग मी शटरचं सांगितलं. बुधवार, पाय, डबा, सळई. वीतही सांगितली. मग ऋषिकेश पुढं आला. त्यानं मला हात लावला नाही, पण लावील असं वाटलं, आणि विलास मधे आला नाही. विलास माझ्याकडं असा बघत होता की जणू मी शेजारणीची कुणीतरी पाहुणी आहे.

"मुद्दाम वढलंस?" ऋषिकेशनं विचारलं.

"बंद हाय ते दाखवायला वढलं. ती उठत होती ते मला दिसलं नाय."

मालोजीदादा छायाकडं वळले. खरं का, म्हणून विचारलं. छाया गूळ चघळत होती. म्हणाली, कुठलं शटर? मी कशाला जाईन गिरणीत? आणि माझ्याकडं बघून गोड हसली, एका बाजूनं.

झालं. ऋषिकेशनं हात झटकले. बघा, तीच नाय म्हणते. मालोजीदादा नारळाची शकलं गोळा करायला लागले. अब्बासभाई, वाडीत भाड्यानं इको गाडी चालवतात, ते गहू दळायला आले होते. ते पिशवी उचलून मागं सरकले. दुसऱ्यांच्या भांडणात उभं राहणं त्यांना आवडत नाही. सगळे पांगणार होते. छायाला आत नेऊन झोपवणार होते. तिला झोप येत होती, तिच्या पापण्या जड झालेल्या मला दिसत होत्या, आणि ती या वेळी झोपली तर कितीही हाका मारल्या तरी उठणार नाही असं मला वाटत होतं.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "वैनी, तुमचा दिवा आपसूक इझत नाय. मी पट्टा मुद्दाम ढिला ठेवते. भिंत हलावी म्हनून. अकरा वर्षं तुमच्या देवाला मी अंधारात बसवते, आनि मला बरं वाटतं."

हे खोटं होतं. निदान पहिली काही वर्षं खोटं होतं.

कुंपणाशी कोणीतरी शी म्हटलं. विलासनं डोक्याला हात लावला. आता छाया उठणार, हातातली वाटी माझ्या तोंडावर मारणार, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती देवावर गेली की मालोजीदादासुद्धा शेतावर निघून जायचे. आम्ही सगळेच थांबलो.

छायानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "इझू दे गं," म्हणाली. "परत लावू."

मालोजीदादांच्या हातातून खोबरं पडलं. ते हळूच खाली बसले, जमिनीवरच. तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तीस वर्षांचा संसार होता त्यांचा, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच ते तिला नीट बघत होते. मग त्यांनी वर न बघता सांगितलं, "ऋषी, अब्बासला थांबव. गाडी काढायला सांग."

कर्जतला पोचेपर्यंत अब्बासभाईंनी एकच गोष्ट सांगितली, वैनीला बोलती ठेवा. मागच्या सीटवर मालोजीदादा तिला बोलतं ठेवत होते. ऋषिकेशनं मला पुढं बसवलं, आईच्या जवळ येऊ दिलं नाही. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मला गाडीतच घेतलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती. तिनं छायाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले. डावा हात आपोआप खाली आला. मग तिनं विचारायला सुरुवात केली. मार कधी लागला. मालोजीदादांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, अठरा दिवस. कशानं. शटरनं. कोणाच्या हातून, असं तिनं विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं. ओकारी कधीपासून, झोप किती, डोकं दुखतं का, एकच गोष्ट परत परत बोलतात का. सगळ्याची उत्तरं माझ्याकडं होती, तारखांसकट. प्रत्येक उत्तराला ऋषिकेशची मान माझ्याकडं वळत होती. हिला एवढं सगळं माहीत होतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही विचारलं. मालोजीदादा म्हणाले, हृदयाची कसलीशी गोळी आहे, नाव ठाऊक नाही. नाव मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी छायाच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हापासून त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ती माझ्या अंगणात भिरकावते. मी उचलते, उचलताना वाचते.

मग डॉक्टरीण म्हणाली, पेशंट नेहमी कशा असतात?

ऋषिकेश म्हणाला, आई शांत असते. मालोजीदादा फरशीकडं बघायला लागले.

मी सांगितलं. कोंबड्यांना काय म्हणते, माझ्या बापाच्या नोकरीला काय म्हणते, माझ्या भाकरीला काय म्हणते, गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर काय म्हणाली. जसं म्हणते तसं म्हणून दाखवलं. नर्स हसू दाबत होती, तिचं मला काही वाटलं नाही. डॉक्टरीण लिहायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"आणि आता?"

"आता मला हिरू बाय म्हणते."

ते तिनं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मेंदूचा फोटो काढायला पाठवलं.

फोटोत उजव्या बाजूला रक्त साचलेलं निघालं. डॉक्टरीण म्हणाली, आत बारीक शीर तुटते, रक्त थेंबथेंब साचत राहतं, कधी दोन-तीन आठवडे कळत नाही. ते मेंदूला दाबायला लागलं की मग डोकं दुखतं, ओकारी होते, झोप आवरत नाही, हातपाय लुळे पडतात, माणूस बदलतो. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी आणायचं. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर काही दिसायची वाट बघायची नाही, मार लागला की लगेच यायचं. हे सांगताना ती माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, तुम्हाला माहीत होतं तर त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी हो म्हटलं.

तिथून पनवेलला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये बाप-लेक बसले. विलास कर्जतला येऊन पोचला होता. तो आणि मी अब्बासभाईंच्या गाडीनं मागं निघालो. चौक गावात गाडी सिग्नलला थांबली तेव्हा विलास म्हणाला, "वीतभर म्हंजे किती गं?"

मी हात पसरून दाखवला. त्यानं हाताकडं बघितलं आणि मान खिडकीकडं वळवली.

डोक्याला दोन भोकं पाडून रक्त काढलं. उशीर झाला असता तर, एवढं बोलून तिथल्या डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. तीन दिवस ऋषिकेशनं मला वॉर्डात येऊ दिलं नाही. मी जिन्यात बसायची, डबे आणायची, समीक्षा ते आत न्यायची, आणि कोणी बनवलं ते आत सांगायची नाही. चौथ्या दिवशी समीक्षाच्या पोरीला ताप आला, ऋषिकेश तिच्याकडं घरी गेला, आणि मालोजीदादांची अंघोळ तीन दिवस राहिलेली. ते जिन्यात आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, तासभर बस तिच्यापाशी.

छायाचं डोकं भादरलेलं, वर पट्टी. डोळे मिटलेले. मी स्टुलावर बसले. मला वाटलं झोपलीय.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं. डोळे मिटलेलेच. पण मला विचारलं. तिथं कोंबड्या नव्हत्या.

"आपरेशनाला चार."

"ते नाय. लागल्यापासनं तू बोललीस तवर."

"अठरा."

मला वाटलं शटरचं विचारेल. मी उत्तर घोटून ठेवलं होतं, जिन्यात बसून तीन दिवस तेच घोटत होते.

"शटरचं मी समजू शकते," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मी पन वढलं असतं. जोरात वढलं असतं. पन भिंतीला कान लावून तू अठरा दिवस बसलीस. मी वकत होते ते ऐकलंस. गंगीला हाका मारत होते ते ऐकलंस. आनि दळत बसलीस."

घोटलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

"आनि डॉक्टरनीला सगळ्या शिव्या म्हनून दाखवल्यास म्हनं. नर्सा हसल्या. ऋषी सांगत होता." तिनं आता डोळे उघडले. "गनपतीतली मी तशी म्हनलेच नव्हते. तू वाढवून सांगितलीस."

"तशीच म्हनला होतात."

"नव्हते."

तेवढ्यात सिस्टर आली, हातात तक्ता. दर दोन तासांनी पेशंटला तेच तेच विचारायचं असतं, शुद्ध नीट आहे ना हे बघायला. तिनं नाव विचारलं. छायानं नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. वार विचारला, गुरुवार म्हणाली, बरोबर होतं. आपण कुठं आहोत, पनवेलला, दवाखान्यात. दोन्ही हात वर केले, दोन्ही वर राहिले. सिस्टर एकेका ओळीपुढं खूण करत होती. शेवटी तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"आणि या कोण तुमच्या?"

छायानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दोन्ही डोळ्यांनी, पुरतं बघितलं.

"ही माझी कोनी नाय."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं पुन्हा विचारलं, छायानं पुन्हा तेच सांगितलं. सिस्टर माझ्याकडं वळली, आवाज उतरवून म्हणाली की पेशंट घरच्या माणसाला ओळखत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं, परत फोटो काढावा लागतो, कदाचित परत आत न्यावं लागतं. म्हणून आधी नीट सांगा, हे उत्तर बरोबर धरायचं की चूक.

छाया वर पंख्याकडं बघत पडली होती. ती ऐकत होती.

"बरोबर हाय," मी म्हटलं. "लिहा तसं."